प्लेगच्या दिवसांतील दोन व्यवसाय

साथीच्या रोगाचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा तीन ठिकाणी स्थिरावते: सरकारदरबारी निघालेले हुकूम, डॉक्टरांचे प्रयत्न आणि मेलेल्यांची मोजदाद. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे आलेल्या प्लेगविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, त्यातही पुण्याची घरतपासणी, २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबावर झालेला गोळीबार आणि त्यातून उठलेले राजकीय वादळ यांनाच मोठी जागा मिळाली आहे. आणि ती मिळावी हे योग्यही आहे. परंतु त्याच दिवसांत गावोगावच्या पेठांतून कोणी एक माणूस उसनवारीने रक्कम उभी करून, चार हत्यारे विकत घेऊन, एखादा लहानसा धंदा मांडून बसला होता. त्याचे गिऱ्हाईक गाव सोडून गेले, कामगार पांगले. सावकार मात्र होता तेथेच होता. या माणसाचे पुढे काय झाले, याची चौकशी आपला इतिहास क्वचितच करतो.

ती चौकशी करावयाची तर बडोदे शहरासारखे ठिकाण नाही. बडोद्याविषयी महाराष्ट्रीय माणसाला पूर्वीपासून जिव्हाळा आहे, आणि कोंकणातील व गोमंतकातील गायक, वादक, कारागीर यांनाही या दरबाराची ओळख जुनी आहे. या शहराशी नाळ जुळलेले दोन व्यवसाय प्लेगच्या तडाख्यात सापडले. एक होता फोटोग्राफीचा, दुसरा चित्रे छापण्याचा. दोघांचीही हकीकत सुदैवाने आपणांस ठाऊक आहे, कारण त्यांचे धनी पुढे जगप्रसिद्ध झाले. एकाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके, दुसऱ्याचे राजा रविवर्मा. पण त्यांच्या कीर्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवून, या लेखात आपण त्यांच्याकडे अडचणीत आलेले दोन लहान धंदेवाले म्हणून पाहणार आहोत.

प्रथम त्या काळाची कल्पना यावयास हवी. मुंबईत प्लेग आहे हे पहिल्याने ओळखले ते एका गोमंतकीय डॉक्टराने. हडफडे येथे जन्मलेले डॉ. आकासियु गाब्रिएल व्हिएगस हे मुंबईच्या मांडवी भागात वैद्यकी करीत असत. सप्टेंबर १८९६ मध्ये तेथील रोग्यांच्या गाठी आणि ताप पाहून हा गाठीचा प्लेगच आहे, असे त्यांनी निर्भयपणे सांगितले. त्या वेळी मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. पुढच्या पाचसहा महिन्यांत त्यांपैकी जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली. आगबोटींनी कोंकणात, आगगाडीने देशावर आणि गुजराथेत माणसांचे लोंढे वाहू लागले, आणि माणसांबरोबर रोगही गेला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली, घरे धुऊन काढण्यात आली, संशयित कपडालत्ता जाळण्यात आला. आजाऱ्याला इस्पितळात नेऊन मारतात अशी अफवा उठून ऑक्टोबर १८९६ मध्येच मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता.

बडोदे संस्थान यातून सुटले नाही. १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्यापासून सुमारे सहा मैलांवरील उंढेरा या खेड्यात प्लेग शिरला. सयाजीराव महाराजांच्या सरकारच्या साहाय्याने डॉ. हाफकिन यांनी तेथे आपली नवी लस टोचली, आणि ती अशा रीतीने की, एकाच घरातील निम्म्या माणसांस टोचावे व निम्म्यांस टोचू नये. पुढे ज्या २८ कुटुंबांत रोग शिरला, त्यांतील न टोचलेल्या ६४ माणसांपैकी २७ जणांस प्लेग झाला व २६ दगावले. टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांस झाला व ३ दगावले. वैद्यकाच्या इतिहासात उंढेऱ्याचे नाव राहिले ते या आकड्यांमुळे. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांपैकी कोण जगले व कोण गेले, याचा तो हिशेब आहे. म्हणून तो वाचताना मन थबकते.

प्लेग पुरता ओसरला नव्हता तोच संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजराथी माणूस अद्यापि त्याला ‘छप्पनियो’ म्हणून ओळखतो. या दोन आपत्तींचा परिणाम शिरगणतीत स्पष्ट दिसतो. १८९१ साली बडोदे संस्थानची लोकसंख्या २४ लाख १५ हजार होती. १९०१ साली ती १९ लाख ५२ हजारांवर आली. खुद्द बडोदे शहराची वस्ती १८९१ साली १ लाख १६ हजार होती. १९०१ साली ती १ लाख ३ हजारांच्या आसपास आली, १९११ साली लाखाच्या आत गेली, आणि १९२१ साली ९५ हजारांच्याही खाली उतरली. तीस वर्षे एखादे शहर लहानलहान होत जाते, याचा अर्थ दुकानदाराला विचारावा. त्याच्या लेखी प्रत्येक शिरगणतीत इतकी गिऱ्हाइके कमी झालेली असतात.

अशा या शहरात १८९० साली एक संस्था उभी राहिली होती. तिचे नाव कलाभवन. सुरतेच्या सुतार कुळातले प्रो. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे बडोदे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत. देशातील कारागिराला त्याच्या हातची कला शास्त्राच्या आधाराने आणि शक्य तोवर त्याच्याच भाषेत शिकविली पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. सयाजीराव महाराजांनी तो उचलून धरला. रंगकाम, रसायन, यंत्रविद्या, चित्रकला, इमारतकाम असे नाना विषय तेथे शिकविले जाऊ लागले. आजच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाचे अभियांत्रिकी महाविद्यालय हे या कलाभवनाचेच वाढलेले रूप होय. गज्जर स्वतः १८९६ साली मुंबईस गेले आणि प्लेग सुरू होताच त्यांनी आयोडीन टरक्लोराइड या द्रव्याचा प्लेगवर उपाय म्हणून पुरस्कार केला. तो उपाय काळाच्या कसोटीस उतरला नाही. परंतु कलाभवनाच्या द्वारे त्यांनी जी माणसे घडविली, ती उतरली. त्यांपैकीच एक फाळके.

धुंडिराज फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत थोडे शिक्षण झाल्यावर ते थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर बडोद्यास आले. त्यांचे पहिले लग्न येथेच झाले. कलाभवनात त्यांनी तैलरंग व जलरंग यांचा अभ्यास पुरा केला आणि फोटोग्राफीकडे त्यांचे चित्त लागले. गज्जरांनी या तरुणाचा हात ओळखला. तीन रंगांचे ठसे तयार करण्याची व छायाचित्रावरून शिळाछाप करण्याची विद्या शिकण्यासाठी त्यांनी फाळक्यांना रतलामला पाठविले. आणि ते परत आल्यावर, १८९३ साली, कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांना वापरावयास मोकळी करून दिली. तेथे फाळक्यांनी ठसे कोरण्याचा आणि छायाचित्रे छापण्याचा आपला पहिला धंदा मांडला. ज्याच्यापाशी कॅमेऱ्याखेरीज भांडवल नाही, अशा माणसाला तयार अंधारी खोली आणि रसायनांची मांडणी मिळणे म्हणजे काय, हे त्या धंद्यातील माणसालाच कळेल.

तरीही पोट भरेना. १८९५ साली फाळके बडोदे सोडून गोध्र्यास गेले व तेथे त्यांनी फोटोग्राफरचे दुकान थाटले. गोध्रा हे पंचमहालचे जिल्ह्याचे ठिकाण, इंग्रजी अमलाखालचे. कचेऱ्या, वकील, अंमलदार, व्यापारी असा फोटो काढून घेण्याची ऐपत असलेला वर्ग तेथे होता, आणि या धंद्यात ऐपतीला महत्त्व होते. त्या काळी फोटो काचेवर उतरत असे. एक काच बिघडली की तिचे पैसे गेले; गिऱ्हाईक हलले की पुन्हा नवी काच. कागद आणि रसायने बहुतांशी परदेशातून येत आणि गावात गिऱ्हाईक असो वा नसो, ती शिळी होत. अशा धंद्याला रोजची वर्दळ लागते.

१९०० च्या सुमारास गोध्र्यास प्लेगने फाळक्यांच्या घरात पाऊल टाकले. त्यांची पत्नी आणि मूल या रोगात गेली.

बहुतेक चरित्रांतून या दोघांना एका वाक्यापलीकडे जागा मिळत नाही, आणि माझ्यापाशीही अधिक सांगण्यासारखे नाही. परंतु धंदा कसा टिकविला याची कथा सांगताना हे वाक्य घाईने ओलांडून जाऊ नये, असे मला वाटते. पुढे जे काही घडले ते या दोन मृत्यूंनंतर घडले. आपत्तीतून माणसे मोठी होतात असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. ज्याच्या घरातून दोन माणसे गेली त्याला हे सुभाषित कोणी ऐकवू नये.

फाळके गोध्रा सोडून बडोद्यास परतले आणि त्यांनी पुन्हा फोटोग्राफीचा धंदा सुरू केला. या वेळी आडवी आली एक अफवा. कॅमेरा माणसाच्या शरीरातील शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढलेला माणूस लवकर मरतो, असा बोभाटा शहरात झाला. आज आपणांस याचे हसू येते. परंतु तो काळ डोळ्यांपुढे आणावा. सकाळी धडधाकट दिसलेला माणूस चार दिवसांत स्मशानात पोहोचत होता. एखाद्याने फोटो काढून घेतला आणि महिन्याच्या आत तो गेला, असे त्या दिवसांत पुष्कळदा घडत असले पाहिजे. आणि घरात भिंतीवर त्याचा फोटो मात्र तसाच. भ्यालेल्या मनाने त्या दोहोंचा संबंध जोडला तर त्यात नवल ते काय? ज्या मनाने मुंबईत इस्पितळावर दगड फेकले, त्याच मनाने बडोद्यात फोटोग्राफरकडे पाठ फिरविली, असा माझा तर्क आहे. साथीच्या दिवसांत धंद्याचे जे नुकसान होते, त्याचा एक भाग रोगाचा असतो आणि दुसरा भीतीचा. आणि रोग गेल्यावरही भीती काही काळ मागे रेंगाळते.

दुकान चालेना. मग फाळक्यांनी काय केले? त्यांनी हातात असलेली विद्या घेऊन जेथे काम मिळेल तेथे जावयास आरंभ केला. नाटक मंडळ्यांना पडदे लागत. चित्रकला शिकलेल्या फाळक्यांनी पडदे रंगविण्याचे काम घेतले, आणि त्या निमित्ताने रंगभूमीची आतली बाजू पाहिली. बडोद्यास आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले व १९०१ च्या अखेरीस स्वतः जादूचे प्रयोग करू लागले. आपल्या आडनावातील अक्षरे उलटीसुलटी करून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ असे नाव घेतले होते. १९०२ साली त्यांनी पुन्हा संसार मांडला. त्यांची ही दुसरी पत्नी म्हणजेच पुढे चित्रपटाच्या कामात त्यांच्या बरोबरीने राबलेल्या सरस्वतीबाई. १९०३ साली पुराणवस्तू खात्यात फोटोग्राफर व नकाशे काढणारा म्हणून त्यांनी नोकरी धरली. व्यापारी दृष्टीने पाहिले तर फाळक्यांचा धंदा बुडाला असेच म्हणावे लागेल. धनी मात्र उरला, आणि त्याच्याबरोबर त्याच्या हातातल्या चार कला.

आता दुसऱ्या व्यवसायाकडे वळू. त्याचा छापखाना बडोद्यास नव्हता. पण त्याची कल्पना बडोद्याच्या दरबारातल्या एका मुत्सद्द्याची होती. सर टी. माधवराव हे १८७५ पासून १८८२ पर्यंत बडोद्याचे दिवाण. रविवर्म्यांच्या चित्रांवर लुब्ध झालेल्या या गृहस्थांनी त्यांना १८८४ साली सुचविले की, एवढ्या लोकांची मागणी एका माणसाच्या दोन हातांनी पुरी होणे शक्य नाही. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढवून घ्याव्यात. पुढे सयाजीराव महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रविवर्म्यांकडून पुराणांतील प्रसंगांवर चौदा चित्रे करून घेतली. १८९० च्या सुमारास ती पुरी झाल्यावर बडोद्यास व मुंबईस त्यांचे प्रदर्शन झाले, आणि नळ-दमयंती, शंतनु-गंगा पाहावयास लोकांची झुंबड उडाली. राजवाड्याच्या भिंतीवर जे एकदाच लागावयाचे, ते घरोघर का पोहोचू नये, हा विचार यातून बळावला.

१८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत गिरगावात स्वतःचा छापखाना काढला. भागीदारीत एक मुंबईकर व्यापारी होते. कारभार पाहण्यास धाकटे बंधू सी. राजराजवर्मा होते, यंत्रे व कसबी माणसे जर्मनीहून आणली होती. पहिले चित्र निघाले ते शकुंतलेच्या जन्माचे. या छपाईची रीत ध्यानात घेतली म्हणजे तिच्यावर साथीचा आघात किती मोठा झाला असेल हे कळते. मूळ चित्रातील प्रत्येक रंगच्छटा वेगळी काढून ती स्वतंत्र शिळेवर हाताने उतरवावयाची. जितक्या छटा तितक्या शिळा. आणि तोच कागद त्या सर्व शिळांवरून एकामागून एक, केसभरही न सरकता, छापून काढावयाचा. एक शिळा चुकली की आधीच्या सर्व शिळांची मेहनत फुकट. असे काम नवशिक्याच्या हाती देता येत नाही. घडविलेला कारागीर गाव सोडून गेला की त्याच्या जागी दुसरा उभा करण्यास वर्षे लागतात.

छापखाना सुरू होऊन दोन वर्षे झाली आणि प्लेग आला. शहर रिकामे झाले, कामगार पांगले. कर्ज वाढत चालले, भागीदारी मोडली. तेव्हा या बंधूंनी एक धाडसाचा निर्णय घेतला: १८९९ साली त्यांनी छापखाना मुंबईतून उचलून मळवलीस नेला. लोणावळ्याहून पुण्याकडे जाताना हे पुढचेच स्टेशन. कार्ले व भाजे येथील लेणी पाहावयास जाणारे येथेच उतरतात. जागा मोकळी, हवा निरोगी, आणि आगगाडी दाराशी. म्हणजे मुंबईची बाजारपेठ तुटली नाही आणि मुंबईचा रोग मात्र दूर राहिला. जड यंत्रे आणि शिळांचे ढीग घाटावर चढविण्याचा खटाटोप केवढा असेल याची कल्पनाच करावी. साथीच्या काळी धंदा टिकविण्यासाठी धंद्याची जागा बदलण्याचे इतके ठळक उदाहरण आपल्या भागात दुसरे क्वचितच सापडेल.

छापखाना जगला, परंतु वर्मा बंधूंच्या हाती तो राहिला नाही. कर्जाचा भार आणि कारभाराची दगदग चित्रकाराला पेलवेना. शतक उलटल्यावर अल्पकाळातच तो त्यांनी आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, विकला. ८९ चित्रे छापण्याच्या हक्कांसह किंमत आली २५ हजार रुपये. १९०५ साली राजराजवर्मा वारले आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मा. श्लायशर यांनी मात्र धंदा वाढविला. देवादिकांच्या चित्रांबरोबर मालावर चिकटविण्याची लेबले, जाहिराती, पोस्टकार्डे, दिनदर्शिका असे मिळेल ते काम घेतले, आणि मळवलीची लक्ष्मी व सरस्वती हिंदुस्थानातल्या घराघरांत, देवघरांत आणि दुकानांच्या गादीमागे जाऊन बसली. १९७२ साली लागलेल्या आगीत त्या छापखान्याची राखरांगोळी झाली. तोवर त्याने पाऊणशे वर्षांहून अधिक आयुष्य काढले होते.

या दोन हकीकती शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ‘धंदा टिकला’ असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय टिकले, हे आपण विचारीत नाही. मळवलीस धंदा टिकला, पण धनी बदलला. गोध्र्यास व बडोद्यास धंदा गेला, पण धन्याच्या हातची विद्या टिकली. नाव, जागा, मालकी, कामगार, कसब आणि गिऱ्हाइकाचा विश्वास या सगळ्यांची मोट बांधलेली असते आणि तिला आपण धंदा म्हणतो. साथ येते तेव्हा ही मोट सुटते, आणि त्यांतले काय धरावे व काय सोडावे, हे धन्याला ठरवावे लागते. सगळेच धरून ठेवू पाहणारा बहुधा सगळेच गमावतो.

पुढे या दोन व्यवसायांची गाठ पडली. १९०६ साली फाळक्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्यास ठसे व छपाईचा कारखाना काढला. भांडवलात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर भागीदार होते. आणि या कारखान्याचे मुख्य गिऱ्हाईक कोण? शेजारच्याच स्टेशनावरचा रविवर्मा छापखाना! छायाचित्रावरून शिळेवर चित्र उतरविण्याचे काम फाळके त्यांना करून देत. रतलामला शिकलेली आणि कलाभवनात घोटलेली जी विद्या प्लेगच्या दिवसांत बडोद्यास पोट भरू शकली नव्हती, तिला प्लेगमुळेच मुंबईबाहेर आलेल्या छापखान्याने काम दिले. काम वाढले तसा कारखाना दादरला गेला. १९०९ साली नवी यंत्रे पाहण्यासाठी फाळके जर्मनीस जाऊन आले. पुढे भागीदारांशी न पटल्याने तोही धंदा त्यांनी सोडला. नंतरची कथा सर्वांना ठाऊक आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. कॅमेरा, रसायने, रंगविलेले पडदे, नाटक मंडळ्यांची ओळख, जादूगाराची नजरबंदी आणि रविवर्म्याच्या चित्रांतून डोळ्यांत भरलेली पुराणातली माणसे हे सर्व त्यांनी तेथे एकत्र आणले. दुकान बुडाल्यावर पोटासाठी जे जे हाती घेतले होते, त्यातले काहीच वाया गेले नाही.

कलाभवनाच्या परंपरेतील तिसऱ्या एका उद्योगाचा उल्लेख येथे केला पाहिजे. जुलै १९०७ मध्ये, म्हणजे शहराची वस्ती उतरणीस लागलेली असताना, बडोद्यास अलेंबिक केमिकल वर्क्स ही कंपनी स्थापन झाली. प्रो. गज्जर, प्रो. कोटिभास्कर आणि त्यांचे शिष्य भाईलाल अमीन या तिघांची ही कामगिरी. अर्क काढण्याच्या जुन्या पात्राचे नाव तिने धारण केले आणि आरंभ केला तोही औषधी अर्क व मद्यार्क यांपासून. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतून ती पार पडली. १९६१ साली तिच्या पेनिसिलीनच्या कारखान्याचे उद्‌घाटन लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते झाले. आणि बडोद्याचे नाव ती आजही चालवीत आहे. तिघा संस्थापकांपैकी दोघे शिक्षक होते, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

१९२० साली गज्जर वारले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी बडोद्याच्या पेठा पुन्हा ओस पडल्या. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, आणि तिच्यासाठी इतर कायद्यांबरोबर १८९७ चा तो साथीच्या रोगांचा कायदाही वापरण्यात आला. रावपुरा, दांडिया बाजार, मंगळ बाजार, मांडवी येथील दुकानांची दारे बंद झाली. हंगाम लग्नसराईचा होता. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा पडली. तेव्हा पत्रिका कोण छापणार आणि फोटो कोण काढून घेणार? सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या दोन धंद्यांवर घाला पडला होता, तेच दोन धंदे पुन्हा अडचणीत यावेत हा योगायोग खरा. परंतु त्याला कारण आहे. फोटो आणि छपाई हे दोन्ही माणसांच्या एकत्र येण्यावर जगणारे धंदे आहेत. माणसे एकमेकांपासून दूर झाली की पहिला उपास यांच्याच घरी पडतो.

या खेपेस सरकारने कर्जाचे हप्ते काही महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली, आणि लहान उद्योगांना हमीवर कर्ज देण्याची योजना काढली. रविवर्म्यांना ही सवलत मिळाली असती तर छापखाना कदाचित त्यांच्या घराण्यात राहिलाही असता. परंतु कर्जाची मुदत वाढली तरी कर्ज उरतेच, आणि मुदतीच्या काळात कारागिराने काय करावे याचे उत्तर कोणत्याही योजनेत नसते. फाळक्यांच्या बाबतीत ते उत्तर गज्जरांनी आधीच देऊन ठेवले होते. त्यांनी एका होतकरू मुलाला एकाऐवजी चार विद्या शिकविल्या आणि सरकारी प्रयोगशाळेचा दरवाजा त्याच्यासाठी उघडा ठेवला. भांडारकरांसारख्या संस्कृतच्या पंडिताने छपाईच्या धंद्यात पैसा घातला, तोही याच जातीचा उपकार होय.

लहान धंदा एकट्याच्या हिमतीवर उभा राहतो असा आपला समज असतो, आणि चांगल्या दिवसांत तो खोटा ठरत नाही. साथीच्या दिवसांत मात्र दिसून येते की, त्या हिमतीच्या मागे कोणाची तरी मोकळी सोडलेली खोली होती, कोणी तरी फुकट शिकविलेले कसब होते, कोणी तरी परतफेडीची घाई न करता दिलेली रक्कम होती. ज्यांना हे लाभले नाही, त्यांची दुकाने गेली आणि त्यांची नावे कोणत्याही चरित्रात आली नाहीत. १८९१ ते १९२१ या तीस वर्षांत बडोदे शहरातून जी वीस-बावीस हजार माणसे कमी झाली, त्यांत असे कितीतरी धंदेवाले असतील. फाळके व रविवर्मा यांची हकीकत आपणांस माहीत आहे ती पुढील कीर्तीमुळे. तिच्या आधाराने या इतरांचीही आठवण आपण ठेवावी.

कलाभवनाची इमारत आजही बडोद्यास उभी आहे. आजचा विद्यार्थी तेथे यंत्रे, इमारती, विजेची उपकरणे यांचा अभ्यास करतो. १८९३ साली याच संस्थेच्या अंधाऱ्या खोलीत एका तेवीस वर्षांच्या मुलाला फुकट काम करू दिले होते, एवढे जरी त्याला कोणी सांगितले तरी पुष्कळ झाले. पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. तशी खोली मोकळी ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.